मान टाकणारा छगनकाका

माझ्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर गेल्या गुरुवारी दुपारी छगनकाकाने केळीच्या कोयत्याने उडवलं.

असं काही झालेलं नाही. अंगठा लेथ मशीनमध्ये आला, असं मी पोलिसांत सही करून लिहून दिलंय. आमच्याकडे लेथ आहे का, हे कोणी विचारलं नाही. नाही.

तर जे झालेलं नाही ते पहिल्यापासून सांगतो.

मी नवनीत. म्हसावदला आमच्या मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत मी रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्यांसाठी माणसं बनवतो. पुण्यात काही रिटायर इंजिनियर दर रविवारी हे रणगाडे एकमेकांवर सोडतात. रणगाडा खऱ्याच्या एक सोळांश, म्हणजे पोसलेल्या मांजराएवढा. तोफेतून न दिसणारा किरण सुटतो आणि तो लागला की समोरचा रणगाडा हादरतो. पण वर उभा असलेला बाहुला तसाच ताठ. इंजिनियर लोकांना ते खटकत होतं. त्यांना तो मरायला हवा होता.

म्हणून मी असा जर्मन कमांडर केला, की तो मान वळवून शत्रू शोधतो, दुर्बीण डोळ्याला लावतो आणि मार बसला की छातीवर मान टाकतो. नऊ सेकंदांनी परत उठतो, कारण रविवार मोठा असतो.

पितळी तोफनळ्या आणि लोखंडी चाकं शहाद्याचा जाहिद त्याच्या अब्बांच्या लेथवर काढून आणतो. माझं सगळं काम डाव्या अंगठ्यावर. अकरा सेंटिमीटरचा माणूस अंगठ्यात न् बोटात धरायचा आणि उजव्या हाताने त्याच्या नाकपुड्या कोरायच्या. शिकंज्यात धरला तर त्याच्या बरगड्या मोडतात. अंगठा गेला की धंदा गेला, इतकं ते सोपं आहे.

चूक चेहऱ्यात झाली. गिऱ्हाइकाने कळवलं होतं, चेहरा रागीट हवा, मिशा भरघोस. कंप्युटरवर डोकं उभं करायला समोरून, डावीकडून आणि उजवीकडून फोटो लागतात. आता असे तीन फोटो कोण देतं? छगनकाकाने सगळ्या गावाला दिले होते. वाढदिवसाच्या बॅनरवर तो समोरून हात जोडून, डावीकडून मोबाइलवर बोलत आणि उजवीकडून मोटारसायकलवर बसलेला होता. दहा बाय पंधरा फूट, मिशीचा केस न् केस मोजता यावा असा. मला वाटलं, अकरा सेंटिमीटरमध्ये कोण ओळखणार?

जाहिदने टेस्टिंगचा व्हिडिओ स्टेटसला टाकला. काका तेव्हा सोसायटीच्या निवडणुकीला उभा. समोरच्या पॅनेलने तासाभरात तो गावाच्या ग्रुपवर फिरवला. व्हिडिओत काका सव्वीस वेळा मरतो. खाली एकोणचाळीस जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, त्यातले चार काकाच्याच पॅनेलचे.

दुपारी काका आला. त्याने दाराला लाथ घातली. दार उघडंच होतं, म्हणून लाथ दारात उभ्या जाहिदच्या पोटात बसली.

"या काका, बठा," जाहिद स्वतःच खाली बसत म्हणाला.

"माले मारस का रे?" काकाने माझ्या कानाखाली काढली. "सख्खा काकाले? सव्वीस डाव?"

"काका, तो तुम्ही नही."

"मंग मिशा कोन्या शेतस?"

"मिशा तुमन्या शेतस. बाकी माणूस जर्मन शे."

दुसरी बसली. काकाने कोपऱ्यातला पाइप उचलून माणसं छापायचा प्रिंटर फोडला, मग खिडकी, मग कारण नसताना पाण्याचा माठ. जाहिद आडवा गेला तर काकाने टेबलावरची तोफनळी फेकून मारली. ती कपाळात बसली. रक्त भुवईवरून गालावर उतरलं. जाहिदने नळी उचलून एक डोळा मिटून आरपार पाहिली.

"वाकी गयी भो," तो मला म्हणाला.

एवढ्यात टेबलावरच्या कमांडरने मान वळवून काकाकडे पाहिलं. काकाने त्याच्याकडे पाहिलं. कमांडरने मान टाकली.

"आते काय व्हयनं त्याले?"

"मरी गया."

"कोनी मारं?"

"कोनीच नही. टेबल हालनं तरी मरी जास. टेस्टिंगकरता तसं करेल शे."

काकाने टेबलावर बुक्की हाणली. कमांडर मेला. उठला. बुक्की. मेला. सात वेळा झाल्यावर काकाने कमरेचा कोयता काढला.

"मीच मारस. कायमना. धर त्याले."

मी धरला, सवयीने डाव्या हातात, हात टेबलावर आणि अंगठा त्याच्या मानेमागे टेकवून. मला वाटलं, एक बाहुला जाईल आणि प्रकरण मिटेल. काकाने समोरून नेम धरला. नेम चांगला होता. पण कोयता उगारताना त्याने पाय आपटला, टेबल हाललं आणि कमांडरने अगदी वेळेवर मान टाकली. कोयता त्याच्या डोक्यावरून पुढे आला. माझा अंगठा मान टाकत नाही.

पेर उडून दारात पडलं. दारात कौसाबाईच्या कोंबड्या होत्या. तिचं घर शेजारच्याच मळ्यात. एकीने ते उचललं, पळाली, आणि बाकीच्या तिघी तिच्यामागे.

"पेर आना!" जाहिद ओरडला. "बरफमा ठेवं तर डॉक्टर जोडी देस!" लेथवाल्यांच्या घरात हे सगळ्यांना पाठ असतं.

सगळ्यात आधी काका धावला. त्याला पुतण्याची दया आली होती, हे कबूल करायला हवं. फक्त दया आली तेव्हा कोयता हातातच होता. पहिली कोंबडी त्याने पळता पळता कापली आणि पोट फाडलं. ज्वारी. दुसरीत ज्वारी आणि एक खिळा. तिसरीत जाहिदचा दिवाळीपासून हरवलेला पितळी स्क्रू. जाहिदने तो पुसून खिशात टाकला. काका कोपरापर्यंत लाल, मिशीला पिसं. मी हाताला फडकं गुंडाळून भिंतीला टेकून बसलो होतो आणि फडकं जड होत चाललं होतं. चौथी, तांबडी, शेवग्यावर चढली.

कौसाबाई बाजेचा पाय घेऊन आली.

"मन्ह्या कोंबड्या मारस, भाड्या?"

"कौसाबाई, मी आंगठा शोधी ऱ्हायनू!"

"कोंबडीले आंगठा ऱ्हास का रे?"

पहिल्या तडाख्यात काकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसरा तिने फक्त हिशेब पुरा करायला दिला.

पोलिसांत तक्रार कोंबड्यांची झाली. तिघींचा पंचनामा झाला, रंग आणि अंदाजे वय लिहून. माझ्या जबाबाच्या वेळी माझी आई छबूबाई कानाशी लागली, "काका घरना शे. तू लेथनं नाव सांग." मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तुकडा आणा, मग बघू. तुकडा शेवग्यावर होता, आणि कौसाबाई झाडाखाली बाजेचा पाय घेऊन बसली होती, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत.

पुण्याची बारा माणसांची ऑर्डर मी परत केली. आता एवढा एकच अर्ज राहिलाय, तो उजव्या हाताने लिहिलाय:

मा. पोलीस निरीक्षक साहेब यांचे सेवेशी,

विषय: तांबडी कोंबडी (नग एक, जिवंत) हिचेबाबत.

महोदय, सदर कोंबडीचे पोटात अर्जदाराचा काही भाग असल्याने ती अर्जदाराची रक्ताची नातलग ठरते. सबब तिची विक्री, स्थलांतर व रस्सा यांस तात्काळ मनाई करण्यात यावी. तिला नैसर्गिक मृत्यू आल्यास सरकारी खर्चाने शवविच्छेदन करून जे निघेल ते अर्जदारास पोच घेऊन देण्यात यावे. आणि तोपर्यंत तिने दिलेल्या प्रत्येक अंड्यावर वारस म्हणून अर्जदाराचे नाव लावण्यात यावे, ही नम्र विनंती.