झाकणाखालचे दोन ठिपके

मी एक रिपोर्ट आहे. कासिल्दा तार्की नावाच्या बाईच्या नाकातून घशापर्यंत दुर्बीण घातल्यावर डॉक्टरीणबाईंना जे दिसलं, ते माझ्यावर छापलेलं आहे. आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको.

माझा जन्म ला पास शहरातल्या एका दवाखान्यात झाला. छपाईच्या यंत्रातून बाहेर आलो तेव्हा अंग कोमट होतं आणि पाठ पांढरीशुभ्र. आयुष्यातली स्वच्छ वेळ म्हणाल तर तेवढीच. वरच्या अर्ध्या भागात रंगीत फोटो, खाली नऊ ओळी. फोटो घशाचा: ओला, गुलाबी, लाळेने चकाकणारा. असलं काही अंगावर घेऊन जगायला कुणाला आवडेल? पण खालच्या ओळींचा मला अभिमान होता. नाकाचा पडदा किंचित वाकडा, काळजी नको. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक घट्टे, सतत ओरडल्याने पडतात तसे. वाईट गाठीचं लक्षण दिसलं नाही. ओरडू नये, कुजबुजूही नये. तीन आठवड्यांनी हा कागद घेऊन यावं. डॉक्टरीणबाईंनी पेनने फोटोतल्या दोन पांढुरक्या ठिपक्यांभोवती बारीक गोलही काढले होते.

एवढं स्पष्ट लिहूनही कुणी वाचलं नाही.

कासिल्दा मिनीबसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बस कुठे जाते ते ओरडून सांगणारी बाई. "सेखा, सेखा, सेखा, जागा आहे, चला वर." बावीस वर्षं हेच. चार महिन्यांपासून तिचा आवाज फाटलेला होता. मला तिच्या हातात देताना दवाखान्याच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "पुढच्या तारखेला डॉक्टरांना दाखवा. तोवर आवाजाला आराम." आराम म्हणजे हळू बोलायचं, असं तिने ठरवलं आणि त्या क्षणापासून ती कुजबुजू लागली. कुजबुजताना घसा उलट जास्त आवळला जातो. माझ्यावर ते लिहिलेलं होतं. पण तोवर तिने मला पाठीवरच्या रंगीत गाठोड्यात कोंबलं होतं. तिथे वापरलेला हातरुमाल, चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी आणि अर्धं खाल्लेलं पास्तेल, म्हणजे चीज भरून तळलेली पुरी. रुमाल माझ्या उजव्या कोपऱ्याला चिकटला. पुढचं सांगत नाही.

तिने मला पहिल्यांदा बाहेर काढलं ते तोमासाच्या गाडीवर. तोमासा पास्तेल तळते. तिने तेलकट बोट जिभेला लावून मला उलटलं. मी एकच पान आहे, मला उलटायला थुंकी कशाला लागते?

"अगं, हे मधोमध काय आहे जिभेसारखं?"

"तीच ती गाठ," कासिल्दा कुजबुजली.

"केवढी आहे गं. आणि तू एवढं गिळतेस कशी?"

शेजारी एकजण तोंडात घास घेऊन वाकला. त्याच्या घासाचा एक कण माझ्यावर पडला. "माझ्या साडूच्या फोटोतही असंच होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. नोव्हेंबरात त्याच्या थडग्यावर फुलं वाहून आलो."

ज्याला ते गाठ म्हणत होते, ते घशातलं झाकण. घास गिळताना श्वासाची वाट बंद करणारं. सगळ्यांना असतं. त्या माणसाचा घास त्या क्षणी त्याच्याच झाकणावरून खाली गेला. पण बावीस वर्षं ओरडणाऱ्या बाईला ते दोघांनी मिळून मरण म्हणून दाखवलं. पेनच्या गोलांकडे एकाचंही लक्ष नाही. फोटो बघून सगळ्यांना शिसारी येते आणि त्या शिसारीतच ते निदान करून मोकळे होतात.

मग स्वतःला डॉक्टरापेक्षा शहाणा समजणारा औषधाच्या दुकानाचा मालक. तो माझ्यावर खोकला, नाकात लावायला बाम दिला आणि कुठल्यातरी तापावरच्या गोळ्या. शेजारणीने रॉकेलच्या गुळण्या सांगितल्या. कासिल्दाने दोन दिवस केल्या. गुळणी करून तेच तोंड तिने माझ्यावर पुसलं.

मागच्या वर्षी याच मार्गावर बसमधून ओरडणारी एक बाई घशाच्या कॅन्सरने गेली होती. तिच्या शेवटच्या महिन्यात कासिल्दा तिला सूप भरवायला जायची. म्हणून तिने ठरवलं की आपण दवाखान्यात परत जायचं नाही. सरोवराकाठच्या गावी बहीण आहे, तिच्याकडे जाऊन पडायचं. बसमधली जागा ड्रायव्हर फेर्मिनच्या भाचीला द्यायची.

फेर्मिन तिच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. तिच्या कामाच्या शेवटच्या दिवशी, नेमके माझ्यावरचे तीन आठवडे भरले तेव्हा, त्याने बस सेखाला न नेता दवाखान्यासमोर उभी केली.

"उतरा, कासिल्दाबाई."

"मला नाही जायचं, भाऊ. फोटोत दिसतंय सगळं," ती कुजबुजली.

"तुम्हाला दिसतंय. मला काही कळलं नाही. विचारून या."

मागून एक बाई म्हणाली, "अहो, मला कामाला उशीर होतोय."

"मग चालत जा. तुमच्याआधी हिला उशीर झालाय." मग तो कासिल्दाकडे वळला. "माझी भाची ओरडायला लागली की कुत्री पळतात. माझा धंदा बुडेल. जा."

ती गेली. डॉक्टरीणबाईंनी मला दोन बोटांच्या चिमटीत धरलं. माझी अवस्था बघून त्यांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा मला प्रथमच कुणीतरी आपलं वाटलं.

"किती दिवस अशा कुजबुजताय?"

"तुम्हीच सांगितलंत ना आराम द्यायला. तीन आठवडे."

"हे कुणी सांगितलं? कुजबुजायचं नाही. अगदी नाही."

कासिल्दाने फोटोतल्या झाकणावर बोट ठेवलं. "ही गाठ किती दिवस देईल मला?"

बाईंनी खणातून दुसरा फोटो काढला. तसाच गुलाबी, ओला, मधोमध तेच झाकण. "हा माझा घसा. आम्ही शिकताना एकमेकींचे बघतो."

कासिल्दाने दोन्ही फोटो शेजारी धरले. बराच वेळ धरले. "तुमचाही घाणच आहे की," ती म्हणाली.

"सगळ्यांचा असतो."

मग बाईंनी तिला ते दोन ठिपके दाखवले. हाताला पडतात तसे घट्टे. दोन आठवडे तोंडातून शब्द नाही. नंतर रोज थोडं, साध्या आवाजात; कसं बोलायचं ते शिकवणारी ताई आहे, तिच्याकडे जायचं. ओरडणं बंदच. बाम, रॉकेल, गोळ्या बंद. पाणी भरपूर. झोपण्याआधी तिखट नको. सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. "तेव्हा घट्टे कमी झाले नसले तर पुढचं बघू. पण तुम्ही आला नाहीत तर मला काहीच बघता येणार नाही."

बाईंनी नवी तारीख माझ्यावरच लिहिली आणि कासिल्दाने काही न बोलता मान हलवली. बाहेर आल्यावर तिने खुणेनेच सगळं सांगितलं. फेर्मिनला अर्धं समजलं, तेवढं त्याला पुरलं. त्याने मला हिसकून घेतलं, उलटं केलं आणि जाड शाईने माझ्या पांढऱ्या पाठीवर 'सेखा' लिहिलं.

तेव्हापासून ती ओरडायच्या ऐवजी मला खिडकीत धरते. पाठ रस्त्याकडे, फोटो प्रवाशांकडे. धूळ, डिझेलचा धूर, कासिल्दाच्या अंगठ्याचा घाम. सकाळी कुणी म्हणतं, "बाई, ते फिरवा हो, मी आत्ताच खाल्लंय." ती फिरवत नाही.

काल चढावावर गाडी वाहतुकीत अडकून पडली. माझ्यासमोर बसलेल्या एका शिक्षिकेला दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. तिने नाक मुरडलं, आणि मग कंटाळून खालच्या ओळी वाचल्या. नऊच्या नऊ. मी छापला गेल्यापासून मला कुणी असं वाचलं नव्हतं. वाचून तिने घशाला हात लावला. "माझाही दोन महिने बसलाय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "धुळीने असेल ना?"

कासिल्दाने मान नाही अशी हलवली. मग थांबायची खूण म्हणून छतावर दोनदा थाप मारली. वाट मोकळी झाल्यावर फेर्मिनने दवाखान्यासमोर गाडी थांबवली.

तुमच्या घरी माझ्यासारखा कागद आला, तर आधी हात धुवा. फोटो झाकून ठेवा आणि त्याखालच्या ओळींपासून वाचायला लागा.