आजचं नंतर बघू

त्या गुरुवारी दुपारी साडेतीनला घरात रोजचेच तीन आवाज चालू होते. पुढच्या खोलीत बाबांचं शिलाई मशीन, स्वयंपाकघरात आईचं स्वतःशीच पुटपुटणं आणि मधल्या खोलीत मुलीच्या कीबोर्डची टकटक. मुलगी वेबसाइटचे फॉर्म बनवायची. नाव लिहा, तारीख निवडा, वेळ निवडा, खालचं बटण दाबा, असले फॉर्म. आठवड्यातले दोन दिवस तिला घरून काम करायची मुभा होती आणि त्या दोन दिवसांत आई तिला हटकून म्हणायची, "घरात एक टकटक कमी होती म्हणून दुसरी आणली."

बाबा शिंपी होते. शिंपी म्हटलं की वायदा चुकवणारच, असं जग धरून चालतं. पण बाबांनी मंगळवार सांगितला की मंगळवारी कपडा इस्त्री होऊन खुंटीला लागलेला असायचा. "माप चुकलं तर उसवता येतं," ते म्हणायचे, "दिवस चुकला तर काय उसवणार?" प्रत्येक गठ्ठ्याला ते दिवस लिहिलेली चिठ्ठी टाचणीने लावत, आणि ती टाचणी हमखास आईच्या बोटात घुसे.

मशीन थांबलं. बाबा गळ्यातली टेप तशीच ठेवून मधल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय साहेबीणबाई, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आज नंबर लागेल का?"

"का? काय होतंय?"

"होत काही नाही. मघाशी सुई ओवताना घाम फुटला. सुई ओवताना घाम फुटायला लागला तर कोट शिवताना काय व्हायचं?"

ती हसली. दवाखान्याचा फॉर्म तिनेच दोन महिन्यांपूर्वी बनवला होता. तिने तो उघडला, तारखेच्या चौकटीवर टिचकी मारली, महिना उलगडला. गुरुवार फिकट राखाडी होता. तिने सवयीने त्यावर दाबलं. काहीच झालं नाही. शुक्रवार काळा, ठळक, हवा तेव्हा घ्या असा.

"आजचा दिवस घेत नाहीये, बाबा. उद्या सव्वादहा देऊ?"

बाबांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. "हा फॉर्म तूच शिवलायस ना?"

"हो."

"मग संपलं. शिंपी नाही म्हणाला की गिऱ्हाइकाने हुज्जत घालू नये. लाव उद्याचा."

तिने लावला. दवाखाना दहा मिनिटांच्या अंतरावर होता. उठून चालत जाता आलं असतं, निदान फोन तरी करता आला असता. दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही. फॉर्म नाही म्हणाला होता आणि फॉर्म तिचा होता.

संध्याकाळी बाबांनी शनिवारच्या कोटाला अस्तर लावलं, जेवताना आमटीत मीठ कमी आहे म्हणाले आणि आईने मिठाची बरणीच त्यांच्यासमोर आदळली. सकाळी साडेसहाला ते बेसिनपाशी कोसळले. सव्वाआठला, घर माणसांनी भरलेलं असताना, मुलीचा फोन वाजला. 'आपली वेळ सव्वादहाची आहे. कृपया दहा मिनिटं आधी यावे.' ते वाक्यही तिनेच लिहिलेलं होतं.

पुढे तीन आठवडे माणसं येत राहिली. येणारा प्रत्येक जण बसला, पाणी प्यायला आणि कसं झालं हो म्हणाला. आई प्रत्येकाला तेच सांगायची, शब्दही तेच. "जगाचे वायदे पाळले. स्वतःच्या जिवाचं तेवढं उद्यावर टाकलं. दुपारी घाम फुटला होता म्हणे, पण मला एक शब्द नाही, आणि नंबर लावला तो दुसऱ्या दिवशीचा! आज जायला काय पाय मोडले होते?" मग आलेलं माणूस मान हलवायचं आणि म्हणायचं, पुरुषांचं असंच असतं, अंगावर काढतात. मुलगी तेवढ्यात चहाचं बघायला उठायची. साखर डब्यात असली तरी ती साखर शोधत राहायची.

ती कामावर गेली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे रंगारी म्हणत कारण तो फॉर्मचे रंग ठरवायचा, घसा खाकरून म्हणाला, "ते कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं काम आलंय. तारखेचंच आहे काहीतरी. मी करू का?"

"तू केलंस तर रविवार गुलाबी होईल. माझंच आहे ते, मी बघते."

तिने दवाखान्यात फोन लावला. समोरच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी तो पहिल्याच घंटीला उचलला.

"बरं झालं फोन केलात. अहो मॅडम, तेवढा आजचा दिवस उघडा ना! लोक आमच्याशी भांडतात. म्हणतात, आजारी आज पडायचं आणि नंबर उद्याचा?"

मुलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण आज बंद ठेवायचं तुम्हीच सांगितलं होतं ना?" विचारताना तिला उत्तर 'हो' यावं असं इतकं वाटलं की तिचं तिलाच शरमल्यासारखं झालं.

"आम्ही? आम्ही कशाला सांगू? आम्हाला वाटलं, तुमच्या कॉम्प्युटरचाच काही नियम असेल. चारनंतर तर आम्ही इथे माश्या मारत बसलेलो असतो."

फोन ठेवून तिने फाइल उघडली. सगळं जागच्या जागी होतं. आठवडा सोमवारपासून. रविवार बंद. एक ते दोन जेवणाची सुट्टी, म्हणून त्या वेळा बंद. दर पाव तासाने एक वेळ. आणि त्याखाली एक ओळ: पहिली तारीख, उद्या. ओळीशेजारी तिने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती. 'आजचं नंतर बघू.'

तिला ती संध्याकाळ आठवली. आजचा दिवस खुला ठेवायचा तर त्यातल्या उलटून गेलेल्या वेळा बंद कराव्या लागतात. दुपारी साडेतीनला आलेल्या माणसाला सकाळचे दहा दाखवून चालत नाही. तासाभराची कटकट. डोळे चुरचुरत होते आणि दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं. म्हणून तिने सरळ उद्यापासून सुरुवात केली. काम गेलं, कुणी काही विचारलं नाही, आणि नंतर बघायचं ते राहूनच गेलं.

तासाभराची कटकटही नव्हती ती. चाळीस मिनिटांत झालं. पहिली तारीख आज. पहिली वेळ, आत्तापासून अर्ध्या तासाने पुढे.

आता तपासून बघायचं होतं. असं तपासताना फॉर्मला खोटं घड्याळ देता येतं, म्हणजे कुठलाही दिवस, कुठलीही वेळ 'आत्ता' आहे असं त्याला सांगता येतं. ती नेहमी वर्षाचा शेवटचा दिवस देई. आज तिने तो गुरुवार दिला. दुपारचे साडेतीन.

महिना उलगडला. गुरुवार काळा, ठळक. तिने त्यावर दाबलं आणि खाली वेळा ओळीने उभ्या राहिल्या. चार. सव्वाचार. साडेचार. पावणेपाच. तिने चारवर दाबलं. फॉर्मने बिनतक्रार घेतलं आणि खाली हिरव्या अक्षरांत आभार मानले.

"चाललं का?" रंगाऱ्याने विचारलं.

"चाललं."

तिने खोटं घड्याळ काढून टाकलं. थकवा असा की बॅगेची चेन लावणंही एक काम वाटत होतं.

घरी पोचली तेव्हा पुढच्या खोलीत शनिवारच्या कोटाचा मालक आला होता. कोटाचं काय झालं हे त्या गृहस्थांना विचारवत नव्हतं, म्हणून ते तीन आठवड्यांनी आले होते. आई बाबांच्या स्टुलावर बसून शेवटची दोन बटणं लावत होती. चिठ्ठी अजून कॉलरला टाचलेली होती.

"घाई नाही हो वहिनी," ते गृहस्थ म्हणाले. "त्यांनी कधी दिवस चुकवला नाही माझा."

"तुमचा नाही चुकवला." आईने दोरा दातांनी तोडला. "स्वतःचा चुकवला. आजचं काम उद्यावर टाकायचं नाही म्हणून मला आयुष्यभर शिकवलं, आणि शेवटी—"

गृहस्थांनी मान हलवली. कोट हातावर घेतला, थोडे रेंगाळले आणि गेले. आई कॉलरवरून काढलेली चिठ्ठीची टाचणी डबीत टाकू लागली, ती बोटात घुसली आणि आई पुटपुटली, "अजून टोचतायत, मेल्या."

मुलीने बॅग खाली ठेवली. आत जाऊन चहा ठेवता आला असता. ती स्टुलासमोर जमिनीवर बसली, लहानपणी कपड्यांचे तुकडे वेचायला बसायची तिथे.

"आई, बाबांनी उद्यावर नाही टाकलं. ते आजच जाणार होते. मला विचारायला आले होते. त्या फॉर्ममधला आजचा दिवस मी बंद करून ठेवला होता. कंटाळा केला होता मी, म्हणून."