कवितेची गाडी

"दुःखाला यमक काय जुळतं रे?"

"भूक," धाकटा दीर म्हणाला. "सुख नको. कवितेच्या बाईंना पटायचं नाही."

वहिनी शेळीची धार काढत होती. धार बादली सोडून तिच्या पायावर पडत होती आणि तिला पत्ता नव्हता. दिराने तिला उठवलं आणि स्वतः बसला.

वहिनीच्या छातीत कॅन्सरची गाठ. केमोच्या सुया घ्यायला शहरात जायचं, तर पूल पडल्यापासून बस बंद. दिराने इस्पितळात गाडी मागितली. रुग्णांसाठी गाडी नाही, म्हणाले. तिथे एक बाई आजारी माणसांकडून कविता करवून घ्यायच्या. वहिनी त्यांच्यावर खेकसली, "गाठ माझ्या गावात, सुई तुमच्या गावात, मधल्या चिखलात मी!" बाई रडल्या, ही कविताच आहे म्हणाल्या. कवींसाठी गाडी होती. दर सुईला नवी कविता, एवढीच अट.

गवंडीकाकांच्या घशातही तसलीच गाठ. पण त्यांचा आवाजच गेलेला. ते चालत जात.

आता वहिनीची कविता आटली होती, सुया बाकी होत्या. गावाने हातभार लावला. न्हाव्याच्या कवितेत न्हाव्याचाच दुखरा गुडघा निघाला. शिंपिणीने सुरुवात बरी केली, पण दुसऱ्या ओळीपासून नवऱ्यालाच धारेवर धरलं.

गाडी आली. आत बाई. दिराने दुःख-भूक म्हणून दाखवलं.

"हे मनातलं नाही," बाई म्हणाल्या. "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

"काही नाही."

"तरी?"

"सुया सुरू झाल्यापासून बोटांना शेळी कळत नाही. जिभेला मीठ कळत नाही. काल हात चुलीला लागला, तो वास आल्यावर कळला."

"पुढे?"

"पुढे काय? गाडी सोडा, उशीर होतोय."

बाईंनी तेही लिहून घेतलं. शेवटची ओळ फार आवडली म्हणाल्या.

पडक्या पुलाला वळसा घालणाऱ्या कच्च्या रस्त्यावर गवंडीकाका उभे होते. गळ्याला फडकं, हात वर.

"थांबवा," वहिनी म्हणाली. "कवी आहे."

"अगं, त्यांना बोलता कुठे येतं?" दीर कुजबुजला.

"तू सरक."

काका आत आले आणि भिंत अजून ओली असल्यासारखे अंग चोरून बसले. बाईंनी पेन उघडलं. "यांची कविता?"

"मी सांगते."

वहिनीने खिडकीतून मागे, काका उभे होते तिकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "हात वर करून उभा होतो."