शेगडी कूस बदलत नाही

मित्रांनो, मध्ये बोलू नका, आधी नुसतं ऐका! मी एक जुना कॅमेरा आहे. फोटोवाला नाही हं, उष्णता बघणारा. धुकं असो, अंधार असो, जे गरम ते मला पांढरं दिसतं. सैन्याच्या डिव्हिजनमध्ये मी उंच खांबावर, आणि खाली पडद्यासमोर मला चालवणारी घारी. नजर घारीसारखी तीक्ष्ण, म्हणून सगळे तिला घारीच म्हणायचे. ती मला 'आजोबा' म्हणायची, रोज माझी काच पुसायची.

त्या पहाटे डिव्हिजनची परीक्षा होती. माळावर लपवलेले रणगाडे आम्ही शोधायचे, तोफांनी ते उडवायचे. रणगाडे खोटे, फळ्यांचे. मला ते गरम दिसावेत म्हणून सुतारकाका प्रत्येकात एक शेगडी पेटवून यायचे.

धुक्यातून मी शेवटचा रणगाडा शोधला.

"सापडला!" घारी ओरडली. "पण साहेब, फटींतून दोन डाग दिसतायत."

"मग दोन शेगड्या असतील," कॅप्टन म्हणाला.

"काका एकच ठेवतात, साहेब."

"घारे, मागच्या वेळी नापास झालो, विसरलीस? परीक्षक घड्याळ धरून बसलेत, आणि आपण शेगड्या मोजायच्या?"

ती कॅप्टनकडे वळली आणि नेमकी तेव्हाच एका डागाने कूस बदलली. माझा जीव कासावीस झाला! शेगडी कधी कूस बदलते का? ऊब घेता घेता काकांचा डोळा लागला होता! मला तोंड नाही, ओरडू कसा? तिकडे तोफा भरल्यासुद्धा.

माझ्या आत एक झडप आहे. मी ती मिटली. गच्च! पडदा काळाठिक्कर. चित्र नाही तर तोफ नाही, असा नियमच आहे.

घारी बटणं दाबत होती, रडकुंडीला आली होती. "आजोबा, उघडा ना! आजच का हो?"

नाही उघडली. वेळ संपल्याचा भोंगा वाजला, तेव्हा उघडली. काका दचकून मागच्या बाजूने पळाले. नोकरी जाईल या भीतीने कुणाला काही बोललेही नाहीत. घारीने तोंड ओंजळीत लपवलं होतं. पडद्याकडे कुणी पाहिलंच नाही.

डिव्हिजन नापास झाली. कॅमेऱ्याची निगा राखली नाही, असा ठपका ठेवून घारीला काढलं. तिने! निगा राखली नाही! मी अडगळीत पडलोय, त्याचं काही नाही. पण तिला खरं कोण सांगणार?

मित्रांनो, यंत्र बंद पडलं की माणसाला बोल लावण्याआधी जरा थांबा, बघा. आणि खरं सांगा, माझ्या जागी असता तर तुम्ही काय केलं असतंत?