एका मगातले दोन तारे

आमच्या गावात माणूस चुकलेला चालतो, नंबर चुकलेला चालत नाही. निदान रेम आर्काद्येविच यांना तरी नाही. ते माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष. युद्ध संपलं तेव्हा ते शाळेत होते. पुढे नोकरीभर त्यांनी सैन्याच्या कोठारात घोंगड्या मोजल्या. त्यामुळे पदकांच्या बाबतीत त्यांच्या अधिकाराबद्दल कुणी शंका घेत नाही.

विजयदिन महिन्यावर आला होता. कापाआजीच्या जाकिटाला कसर लागली. नवं घ्यायचं, तर जुन्यावरचा लाल तारा, म्हणजे तिचं युद्धातलं पदक, काढायला हवा. पण मागची चकती गंजून घट्ट बसलेली, म्हणून ती जाकीट घेऊन मंडळात आली. रेमनी पक्कड लावून चकती सोडवली, तारा उलटा केला आणि चष्मा लावला. पाठीवर कोरलेला नंबर आजीच्या पदकपुस्तिकेतल्या नंबराशी जुळेना.

प्रकरण माझ्याकडे आलं. कुठलं पदक कुणाचं हे शोधणं हे संग्रहालयातलं माझं काम. मी सैन्याच्या मध्यवर्ती दफ्तराला लिहिलं. उत्तर आलं: हा तारा सार्जंट तीखोन लाप्शिन यांना दिलेला आहे.

मी ते फक्त रेमना दाखवलं. संध्याकाळी पावाच्या दुकानातल्या रांगेला सगळं ठाऊक होतं. कापाआजी आघाडीवर जखमींना पाठीवर घेऊन आणायची. पण आघाडीवर गेलेल्या पोरींना पदकं कशाबद्दल मिळाली, यावर आमच्याकडे साठ वर्षं एकच बोललं जातं आणि ते हळू आवाजात. आता त्याला एका पुरुषाचं नाव मिळालं. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

मी आजीकडे गेलो. ती खिडकीत बियाण्याचे बटाटे मांडत होती.

"आजी, तीखोन लाप्शिन कोण?"

तिचा हात थांबला. "तीश्का? आहे का रे तो?"

"नाही. तीस वर्षं झाली. वोलोग्दाला असायचे."

तिने हातातला बटाटा खिडकीत ठेवला. मग खुदकन हसली. "म्हणजे त्याचा माझ्याकडे आला होय! अरे, नदी ओलांडल्यावर आम्हा दोघांना एकाच दिवशी तारा मिळाला. नवं पदक व्होडकेत धुवायची रीत, ती पाळायला नको का? पण दोघांत प्यायचा मग एकच होता. दोन्ही त्यातच टाकले, वर व्होडका. पिऊन झाल्यावर ज्याच्या दातांत जो आला तो त्याचा."

"आणि नंबर?"

"पाठ कोण बघतो? दुसऱ्या दिवशी पुढची नदी होती."

मी हे रेमना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"बघा! म्हणजे ओळखत होती त्याला! पुरावा आणा. नाहीतर यंदा चौकात पहिल्या रांगेत तिची खुर्ची नाही आणि तारा मंडळात जमा."

मला इतका राग आला की मी नमस्कारही न करता बाहेर पडलो. आजीने निरोप पाठवला, "खुर्ची स्वतःलाच ठेव म्हणावं त्या रेमला. मी चौकात येणार नाही." नवं जाकीट तिने खिळ्याला टांगलं, तारा न लावताच.

मी वोलोग्दाला लाप्शिनांच्या घरच्यांना पत्र टाकलं. उत्तर आलंच नाही. विजयदिनाच्या आदल्या दिवशी लाप्शिनांची मुलगी लीदियाच आली, वडिलांचा तारा रुमालात बांधून. आजीच्या स्वयंपाकघरात, रेमच्या देखत, आम्ही तो उलटा केला. नंबर आजीच्या पुस्तिकेतला होता, शेवटच्या आकड्यापर्यंत.

रेमनी घसा साफ केला. "ठीक आहे. चूक सापडली. आता अदलाबदल करा, ज्याचं त्याला."

"मी नाही देणार," लीदिया म्हणाली. "बाबांच्या प्रेतयात्रेत हाच उशीवर ठेवून मी पुढे चालले होते." आणि ती रडायला लागली. "पण मावशी, तो तुमचा आहे. तुम्ही मागितलात तर नाही कसं म्हणू?"

आजीने फडताळातून कान तुटलेला मग काढला. दोन्ही तारे आत टाकले, वर व्होडका ओतली.

"अहो, नंबर!" रेम ओरडले.

"रेम, बाळा, आधी तू पी. सगळ्या गावाला सांगून घसा कोरडा पडला असेल."

रेम प्यायले. मग लीदिया, मग मी. उरलेली आजीने संपवली आणि एक तारा दातांत धरून काढला. दुसरा लीदियाने रुमालात गुंडाळला. पाठ कुणी पाहिली नाही.

मी अहवालात 'चूक सापडली' एवढंच लिहिलं. 'दुरुस्त झाली' असं लिहिलं नाही, कारण मला ठाऊक नव्हतं.

आजीने नवं जाकीट अंगावर चढवलं आणि छाती रेमपुढे केली. "लाव."

रेमनी तारा टोचला, मागे हात घालून चकती फिरवली. मान खाली घालून, आजीचं पूर्ण नाव घेऊन म्हणाले, "माफ करा, कापितोलीना येगोरोव्ना."

"घट्ट आवळ. आता माझ्या शवपेटीपुढे उशीवर न्याल तेव्हाच काढायचा," आजी म्हणाली. "आणि तेव्हाही पाठ बघायची नाही."