हात न लावता उजळलेला दिवा

वाचकहो, मनुष्याचा हात न लागता दिवा कैसा प्रज्वलित झाला, तो वृत्तांत नम्रपणे निवेदन करतो.

सन १९९४. आम्ही शेतात असता वृद्ध मातोश्री घरी अंधारात पडल्या. म्हणून मी जुन्या जालन्यातून उजेड-अंधार ओळखणारा विजेचा डोळा आणून स्वहस्ते बल्बाशेजारी बसविला. सायंकाळी बल्ब लागला, परंतु डोळ्याने त्याचाच उजेड पाहून तो विझविला, अंधार होताच पुन्हा लावला, असे सारखे चालले! दिवा लागताच नमस्कार करणाऱ्या मातोश्री थकल्या.

"भुजंगा, किती येळा हात जोडू रे? देवाला तरी दम घेऊ दे!"

मी तो डोळा बाहेरील भिंतीवर, आकाशाकडे तोंड करून बसविला. दुसऱ्या दिवशी सूर्यास्तसमयी बांधावरून पाहतो तो काय! आमचे घर आपोआप उजळले होते आणि मातोश्री अंगणात निर्भयपणे चालत होत्या. मीही बांधावरूनच हात जोडले.

वाचकांचा ऋणी,
भुजंग बद्रीनाथ, कुंभार पिंपळगाव