चार गाड्यांना एक जाळी

मिस्त्रीने आठ दिवस त्या ट्रकच्या पोटाखाली काढले होते. खोकी वाहणारी गाडी पेट्रोलच्या टँकरला जुंपायची म्हणजे नुसतं मागचं शेपूट बदलायचं काम नव्हे. त्याने धुराचा पाइप टाकीपासून लांब, पुढे आणला. सगळी वीज एका खटक्यात तोडणारा स्विच ड्रायव्हरच्या हाताशी दिला. टँकर जिच्यावर टेकतो ती जाड प्लेट चार बोटं पुढे सरकवली.

“चार बोटांसाठी दोन दिवस?” दाजींनी टोमणा मारला. दाजी म्हणजे मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ही गाडी तेच चालवणार होते.

“दाजी, खोकी बसल्या जागी बसतात. पेट्रोल ब्रेक दाबला की उठून पुढं धावतं.”

“बसणारा माल बरा बाबा.”

“तुम्हाला बसणाऱ्यांचाच पुळका. बहीण सांगते ना, पाटावर बसले की उठत नाहीत!”

शेवटी पाइपच्या तोंडाला मिस्त्रीने जाळीचं नळकांडं लावलं. इंजिनातून उडालेली ठिणगी तिथंच मरावी, पेट्रोलच्या वाफेपर्यंत पोचू नये, एवढंच त्याचं काम. साफ करायला सोपं जावं म्हणून ते चार बोल्टांवर बसवलं होतं. “दोन मिनिटांत निघतं,” असं त्याने आवाराच्या साहेबाला कौतुकाने करूनही दाखवलं होतं. अहो, माणसाला आपल्याच कसबाची भुरळ पडते!

सकाळी तपासणीवाल्याने गाडी पास केली. मिस्त्रीने देवाचं नाव घेतलं आणि निवांत जेवला. हात पुसत परत आला तर पाइप उघडा बोडका, आणि चारही बोल्ट कागदावर नीट मांडून ठेवलेले.

“साहेब, जाळी कुठाय?”

“दोन नंबरच्या गाडीला. तिची तपासणी आहे ना आत्ता.”

“आणि दाजी उद्या सकाळी पेट्रोल भरायला जाणार, त्याचं काय?”

“जाऊ दे की. शिक्का तर बसला.” साहेबाने टेबलावरची धूळ फुंकली. “उद्या तीन नंबरला, परवा चार नंबरला. तुम्हीच नाही का म्हणालात, दोन मिनिटांत निघते म्हणून?”

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “शिक्का ठिणगी अडवतो होय? मग तोच बांधा पाइपाला! चार गाड्यांत जाळी एक, मग ड्रायव्हरही एकच ठेवा, जळला तर एकच जळेल! वर बसलेल्याला काय तोंड दाखवाल हो?”

“भाऊ, हळू,” दाजी कुजबुजले. “नोकरी आहे. आजवर काही झालंय का?”

“होईल तेव्हा सांगायला तुम्ही असाल का? बहिणीच्या दारात मी काय घेऊन जाऊ, हे बोल्ट?”

दाजी खाली मान घालून गाडीची काच पुसायला लागले.

दोन नंबरची गाडी पास होऊन परत आली, तसा मिस्त्री पाना घेऊन तिच्याखाली शिरला. जाळी काढली, दाजींच्या गाडीला बसवली आणि वेल्डिंगचं यंत्र ओढलं. टँकर अजून जोडलेला नव्हता, त्यामुळे धोका नव्हता. जाळीच्या गळ्याभोवती त्याने टाक्याला टाका घातला, पुरा वेढा होईस्तोवर.

“अहो, हे काय! उद्या तीन नंबरला काय लावू?” साहेब धावत आला.

“नवी आणा. नाहीतर उभी ठेवा.”

“उद्यापासून कामावर यायचं नाही!”

“नका बोलावू. पण ‘जाळी बसवली’ म्हणून चारही गाड्यांच्या कागदांवर तुमच्या भरवशावर केलेली सही माझी आहे. त्यातल्या तीन खोट्या, हे आता तपासणीच्या कचेरीत सांगून येतो. जाळी निघेल अशी मीच केली, तेही सांगतो. त्याचं जे व्हायचं ते होऊ दे.”

पाना टेबलावर आपटून तो फाटकाकडे निघाला. कचेरी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि बंद व्हायला तास उरला होता.

मागून इंजिन घुरघुरलं. शेजारी येऊन गाडी थांबली. दाजींचा चेहरा भेदरलेला, पण त्यांनी आतून दार ढकलून उघडलं.

“चढा लवकर. पायी गेलात तर कुलूपच दिसेल.”